आठ महिन्यांनंतर: पत्रिकांचं नवं सॉफ्टवेअर आणि त्याची बिननावाची बटणं

बडोद्यात दांडिया बाजारात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, कंकोत्र्या (गुजराती लग्नपत्रिका), मुंजीची निमंत्रणं. दिवाळीनंतर मांडणीचं नवं सॉफ्टवेअर घेतलं, त्याला आठ महिने झाले.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. युनिकोड मराठी सुरेख बसते. जुन्या फॉन्टमध्ये ‘ऱ्ह’ काढायला वेगळा कोड पाठ करावा लागे, आणि ग्राहकाचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर चिकटवला की अक्षरांची खिचडी व्हायची. आता मराठी आणि गुजराती एकाच पानावर, पाठवलं तसं उतरतं. म्हणून तर जुन्याकडे परत जाववत नाही.

पण बटणं! जुन्यात वर शब्दांचे मेनू होते. इथे दोन्ही कडांना बारीक राखाडी रेघांची चित्रं, खाली नाव नाही. माउस क्षणभर धरून ठेवला की नाव दिसतं, पण टचस्क्रीनवर बोटाने काम करताना तेही नाही. ग्रुप (वस्तू एकत्र बांधणं, हव्या तेव्हा सोडवता येतात), वेल्ड (सगळं जोडून एकच आकार करणं) आणि कॉपी, तिन्हींवर दोन चौकोन.

फेब्रुवारीत, ऐन लग्नसराईत, मी मांडवीला कागद घ्यायला गेलो होतो. दुकानातल्या ताईंचा फोन आला.

‘दादा, ग्रुप कुठलं?’

‘दोन चौकोनांचं.’

‘दोन चौकोनांची तीन आहेत हो.’

अंदाजाने वेल्ड दाबलं गेलं, फाइल सेव्ह करून बंद झाली. दुसऱ्या दिवशी मुलीकडच्यांनी मुहूर्ताची वेळ बदलून दिली, तेव्हा कळलं की अक्षरं आता अक्षरं राहिली नाहीत, नुसते आकार झालेत. चाळीसेक नावं रात्री बसून पुन्हा टाइप केली, पुन्हा प्रूफ वाचलं. ताईंची यात काडीचीही चूक नव्हती. ज्याला नाव नाही ते फोनवर सांगायचं कसं, शिकवायचं कसं, वहीत लिहायचं कसं?

चित्रांशी माझं वैर नाही. 1984 च्या पहिल्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावरची चित्रं सुझन केअर यांनी काढली, आजही ती बघावीशी वाटतात. पण त्या पडद्यावरही वरचा मेनू शब्दांचाच होता. सेव्हच्या बटणावर अजून फ्लॉपी असते. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाने 1.44 एमबीची फ्लॉपी हातात धरलेली नाही. तरी तो बटण ओळखतो, कारण कुणीतरी ‘हे सेव्ह’ असं नावाने सांगितलंय.

त्याच रात्री सेटिंगमध्ये तीन पायऱ्या आत ‘नावं दाखवा’ सापडलं. डावी पट्टी सुधारली, उजवी तशीच मुकी आहे. तिच्यासाठी ताईंनी चित्रं काढून पुढे नावं लिहिलेला कागद मॉनिटरशेजारी चिकटवलाय. मेमधल्या अपडेटने बटणांच्या जागा हलवल्या आणि हाताला बसलेली सवय पुन्हा मोडली, तेव्हा तो कागदच कामी आला.

घेणार असाल तर पहिल्याच दिवशी ते सेटिंग चालू करा. आणि छपाईला देण्याआधी प्रत्येक पत्रिकेची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा, जिच्यातली अक्षरं बदलता येतील.