कार्बन कर: खात्यात परतावा की स्वस्त पास?

इंधनावर कार्बन कर वाढला की आधी चिमटा बसतो तो कमी पगारात रोज लांब गाडी हाकणाऱ्याला. नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्रान्समधले पिवळ्या जॅकेटवाले रस्त्यावर उतरले ते यातूनच. कर सुसह्य करण्याचे दोन मार्ग आजवर वापरून झाले आहेत: जमा झालेले पैसे लोकांना परत करा, नाहीतर बस-रेल्वे स्वस्त करा. कोणाची बाजू घ्यायची हे ठरवताना मी एकच विचारतो: सरकारची तिजोरी आटली की यातलं काय उरतं?

हिशेबात परतावा सरस. कॅनडाने २०१९ मध्ये कार्बन उत्सर्जनाच्या टनाला २० डॉलरपासून सुरुवात केली, २०२४ मध्ये दर ८० वर गेला. यातली सुमारे ९० टक्के रक्कम त्या-त्या प्रांतातल्या कुटुंबांनाच परत मिळे, ग्रामीण भागात थोडी जास्त. रक्कम माणसं मोजून, कर मात्र जाळलेल्या इंधनावर. म्हणजे बसने जाणारा फायद्यात. तरी योजना बुडाली. कर पंपावर सारखा दिसायचा, परतावा तीन महिन्यांतून एकदा गुपचूप खात्यात यायचा. एप्रिल २०२५ पासून मार्क कार्नी यांच्या सरकारने ग्राहकांवरचा कर शून्यावर आणला आणि परतावाही गेला.

निदान दोन्ही गेले! ऑस्ट्रियाचा 'क्लिमाबोनस' हा परतावा फार विचारपूर्वक आखलेला होता. दाराशी मेट्रो असलेल्या व्हिएन्नाकराला कमी, आडगावच्या माणसाला जास्त. २०२४ मध्ये १४५ ते २९० युरो. २०२५ मध्ये तूट भरून काढायला तो बंद केला, कर मात्र चालूच. जर्मनीत तर २०२१ च्या आघाडी करारात असा परतावा कबूल करूनही तो कधी दिलाच नाही.

त्याच जर्मनीत मे २०२३ मध्ये देशभर चालणारा ४९ युरोचा मासिक पास आला. २०२५ मध्ये तो ५८ चा झाला, २०२६ मध्ये ६३ चा. महागला, पण आहे. दोष उघड आहेत: महिना ५६३ युरोच्या निर्वाहभत्त्यावर जगणाऱ्याला ६३ युरो जड जातात आणि दिवसाला दोनच बस येणाऱ्या गावात पास असून नसल्यासारखा. (एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण गाड्या अपुऱ्या असल्या की ती सवलत उभ्यानेच भोगावी लागते.)

तरी माझं मत पासला, गाड्या वाढवण्याच्या अटीवर. परतावाच हवा असेल तर कर आणि परतावा एकाच कायद्यात असे बांधून घ्या की एक थांबला तर दुसराही थांबेल. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासूनच्या अशा कराचा मोठा हिस्सा आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वजा होऊन लोकांना मिळतो, आणि ते अजून टिकून आहे. अर्थात तो कर घर तापवण्याच्या इंधनावर आहे, पेट्रोलवर नाही.