लिनक्ससाठी मोडेम: डोंगल, आतलं कार्ड की हातातला फोन?

पावसाळ्यात फायबर तुटलं की हाताशी दुसरी सोय हवी, म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला डोंगल (सिम घालून यूएसबीला लावायचा मोडेम) बघायला निघाला असाल, तर आधी एवढं ठरवा: नुसतं इंटरनेट हवंय, की मोडेमवर ताबाही हवाय?

डोंगल वरून सारखेच दिसतात, आत दोन जाती आहेत. पहिली जात म्हणजे छोटा राउटरच, उदाहरणार्थ हुआवेचे हायलिंक डोंगल. लिनक्सला तो साधं नेटवर्क कार्ड वाटतो. आयपी पत्ता आपोआप मिळतो, आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ उघडलं की सेटिंग्ज समोर. डबल नॅट (अनेक उपकरणं एकाच पत्त्यामागे ठेवणारा पत्ताबदल दोनदा) होतं हा तोटा सगळे सांगतात, पण आपल्याकडे मोबाइल कंपन्या आयपीव्ही४ला बहुधा स्वतःच्या नॅटमागे ठेवतात, त्यामुळे घरच्या वापरात यानं फारसं बिघडत नाही.

दुसरी जात सिरियल पोर्टवरून, किंवा क्यूएमआय, एमबीआयएम या मोडेमच्या प्रोटोकॉलने बोलते. इथे मोडेम सांभाळणारा मोडेममॅनेजर हा प्रोग्राम लागतो, एपीएन (मोबाइल कंपनीच्या डेटा नेटवर्कचं नाव) बहुतेक वेळा आपणच भरायचा. बदल्यात एसएमएस, सिग्नलची ताकद, बँडची निवड असं सगळं कमांडवरून हाताळता येतं. सर्व्हरवरून अलर्टचे मेसेज पाठवायचे असतील तर हीच घ्या. नाहीतर उगाच डोकेदुखी.

जात कुठलीही असो, बरेच डोंगल आधी सीडी ड्राइव्ह म्हणून उभे राहतात, कारण पोटात विंडोजचे ड्रायव्हर असतात. त्यांना मोडेम बनवायला यूएसबी-मोडस्विच लागतं. ते आधीच उतरवून ठेवा. नेट बंद पडल्यावर ते आणणार कुठून?

स्वस्तातला जुना थ्रीजी डोंगल मात्र नकोच. लिनक्स त्याला झटकन ओळखेल, पण जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच.

लॅपटॉपच्या आतल्या एम.२ स्लॉटमध्ये मोडेम कार्ड बसवणं दिसायला सुटसुटीत, पण माझ्या मते शेवटचा पर्याय. काही लॅपटॉपचं बायोस परकं कार्ड स्वीकारत नाही, काहींत अँटेनाच्या ताराच नसतात. शिवाय काही कार्डांवर एफसीसी लॉक (अमेरिकी नियमांपोटी मोडेमचा रेडिओ बंद ठेवणारं कुलूप) असतो, आणि मोडेममॅनेजर १.१८.४पासून तो आपोआप उघडत नाही. स्क्रिप्ट आपणच चालू करायची.

कधीमधीच लागणार असेल तर अँड्रॉइड फोनचं यूएसबी टेदरिंग (केबलने फोनचं नेट लॅपटॉपला देणं) पुरे. लिनक्समध्ये ड्रायव्हर तयारच असतो. आयफोनला त्याच्याशी यूएसबीवरून बोलणारं यूएसबीमक्सडी लागतं आणि फोनवर ‘ट्रस्ट’ दाबावं लागतं.

बीएसडीवाल्यांनी (लिनक्सऐवजी ओपनबीएसडी, फ्रीबीएसडी अशा सिस्टिम वापरणाऱ्यांनी) जास्त जपून निवडावं. ओपनबीएसडीत एमबीआयएमसाठी यूएमबी ड्रायव्हर आहे. फ्रीबीएसडीवर यू३जी हा ड्रायव्हर सिरियल डोंगल सांभाळतो, पण मी नेटवर्क कार्डासारखा दिसणाराच घेईन.

दुकानात जाताना लॅपटॉप आणि स्वतःचं सिम न्या. जुना डोंगल एखाद्या कंपनीलाच लॉक केलेला असू शकतो, त्यामुळे आपल्या सिमवर आयपी पत्ता मिळून एखादं पान उघडल्याशिवाय पैसे काढू नका.