इलेक्ट्रम वॉलेट: ओवाळणीत आलेली किल्ली आणि ती उघडेपर्यंतचा सगळा प्रवास

२०१४ च्या भाऊबीजेला धाकट्या भावाने तबकात पाकिटाऐवजी घडी घातलेला एक कागद ठेवला होता. कागदावर दोन क्यूआर कोड. एकाखाली पत्ता, दुसऱ्याखाली प्रायव्हेट की, म्हणजे ते बिटकॉइन उघडण्याची गुप्त किल्ली. मागे त्याच्या अक्षरात लिहिलेलं: ‘०.०२ बिटकॉइन, भाच्यासाठी. ताई, हरवू नकोस.’ तेव्हाच्या भावाने ही ओवाळणी साधारण साडेचारशे रुपयांची. मी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात एफडीच्या पावत्यांखाली ठेवला. मुलगा तेव्हा पहिलीत होता. यंदा त्याचं बारावी झालं, इंजिनीअरिंगच्या फीचा हिशेब मांडायला बसलो तेव्हा तो कागद अकरा वर्षांनी बाहेर आला.

मी कोथरूडमध्ये चार-पाच दुकानांचे हिशेब लिहिते. आकड्यांची भीती नाही, पण हा विषय नवा होता. भाऊ आता जर्मनीत, त्यामुळे त्याला फोन लागेपर्यंत जो भेटेल त्याला विचारत गेले. तिथेच चुका सुरू झाल्या. म्हणून इलेक्ट्रमचा, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरने शेवटी काम झालं त्याचा, अनुभव लिहिताना वाटेत काय काय झालं तेही लिहिते.

शेजारच्या काकूंच्या मुलाने फोनमध्ये एक वॉलेट, म्हणजे बिटकॉइनच्या किल्ल्या सांभाळणारं ॲप, टाकून दिलं. त्यात पैसे परत मिळवण्यासाठी बारा किंवा चोवीस शब्द मागत होते. माझ्याकडे शब्द नव्हते, एक्कावन्न अक्षरांची एक लांबलचक ओळ होती. आजची बरीच वॉलेट शब्दांवर चालतात आणि २०१४ च्या कागदावरची सुटी किल्ली ती घेतच नाहीत. हे मला नंतर कळलं, पण दोन संध्याकाळी त्यात गेल्या. दुसऱ्या एकाने एक्स्चेंजमध्ये, म्हणजे जिथे बिटकॉइनची खरेदी-विक्री होते तिथे, खातं उघडून तिथे किल्ली टाकायला सांगितलं. एक्स्चेंजमध्ये किल्ली टाकायची सोयच नसते. ते तुम्हाला पत्ता देतात, त्या पत्त्यावर आपण पाठवायचं असतं.

भावाने फोनवर पहिलं वाक्य हेच विचारलं, “ताई, फोटो नाही ना काढलास त्याचा?” फोटो काढला नव्हता. पण अप्पा बळवंत चौकात मुलाच्या पुस्तकांना गेले होते तेव्हा झेरॉक्स काढायला कागद पिशवीत घेऊन गेले होते. दुकानात गर्दी होती म्हणून तशीच परत आले. आता त्या गर्दीचे मनापासून आभार मानते. कागदावरचा पत्ता म्हणजे खाते क्रमांक, तो कोणीही पाहिला तरी बिघडत नाही. किल्ली म्हणजे सही करून ठेवलेला कोरा चेक. ज्याच्या हाती तिची नक्कल, त्याचे पैसे. इथे चेक थांबवायला बँक नाही आणि झालेला व्यवहार उलटवायला कोणी साहेब नाही.

मधल्या काळात मी एक खरेदी करून बसले होते. बिटकॉइन पेनड्राइव्हसारख्या छोट्या उपकरणात ठेवतात असं ऐकलं होतं. आधी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत विचारलं. तिथला दुकानदार म्हणाला, “काकू, ही वस्तू आम्ही ठेवत नाही. घ्यायचीच असेल तर बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्या, मधल्या कोणाकडून घेऊ नका.” एवढं बोलून त्याने स्वतःचं गिऱ्हाईक परत पाठवलं. मी मात्र घरी येऊन एका ऑनलाइन बाजारात अडीच हजारांनी स्वस्त दिसलं ते मागवलं. विक्रेत्याला साडेचार तारे होते, आणि मी ते तारे नीट वाचलेही नाहीत. नंतर पाहिलं तर जवळजवळ सगळे अभिप्राय मोबाइलच्या कव्हरबद्दल होते. उपकरणाबद्दल एकही नव्हता.

खोकं अगदी नवंकोरं, वर पारदर्शक प्लॅस्टिक. आत उपकरण, वायर आणि एक जाड कार्ड. पूर्वी मोबाइलच्या रिचार्जचं कार्ड खरवडायचो तशी चंदेरी पट्टी त्यावर होती. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की पट्टी खरवडा, खालचे चोवीस शब्द उपकरणात भरा आणि कार्ड जपून ठेवा. मला ते फार पद्धतशीर वाटलं. मी तर खरवडायला नाणंही घेतलं होतं. रात्री व्हिडिओ कॉलवर भावाला दाखवलं तर तो खुर्चीतून उठलाच. “ताई, ते शब्द छापणाऱ्याला आधीच माहीत आहेत. तू पैसे ठेवशील आणि तो काढून घेईल.”

खरं उपकरण शब्द स्वतः तयार करतं, पहिल्यांदा चालू केल्यावर स्वतःच्या पडद्यावर दाखवतं, आणि आपण ते हाताने कागदावर उतरवायचे असतात. शब्द आधीच छापून आले असतील तर ती वस्तू चोराने पाठवलेली आहे. खोकं किती का सुबक असेना, यात दुसरी शक्यता नाही.

परत करताना विक्रेत्याने आधी टाळाटाळ केली. खोकं उघडतानाचा व्हिडिओ मुलाने काढून ठेवला होता, तो लावल्यावर बारा दिवसांनी पैसे आले. महाग वस्तू मागवली की पाकिटावरचा पत्ता दिसेल असा, न तोडता, एकसलग व्हिडिओ काढायचा हे मी आता सगळ्यांना सांगते. परतावा अडला असता तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लिहूनच ठेवला होता. आणि खरंखुरं उपकरण मिळालं असतं तरी माझं काम झालं नसतं. ही उपकरणंही शब्दांवर चालतात, कागदावरची सुटी किल्ली त्यांत भरता येत नाही.

परताव्याच्या त्याच दिवसांत एका मेसेजिंग ॲपवर ‘वॉलेट सपोर्ट’ नावाने एक जण आला. अतिशय आदबीने बोलायचा, मला मॅडम म्हणायचा. माझी किल्ली ‘व्हॅलिडेट’ करण्यासाठी एका साइटची लिंक दिली. मी कुठे काय विचारलं हे त्याला कसं कळलं ते कळलं नाही. ब्लॉक केलं, विषय संपवला. कोणाचे पैसे गेलेच असतील तर १९३० या नंबरवर त्याच तासात फोन करा. पैसे बँकेतून गेले असतील तर पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता सुरुवातीलाच असते.

आता इलेक्ट्रमकडे वळते. हे बिटकॉइनसाठीचं मोफत सॉफ्टवेअर आहे, थॉमस व्होग्टलिन यांनी २०११ मध्ये सुरू केलं. २०१४ ची सुटी किल्ली ते आजही घेतं, माझ्यासाठी हीच सर्वांत मोठी गोष्ट. पण ते उतरवून घेण्यातही धोका आहे. इंटरनेटवर शोधून वरच्या जाहिरातीवर क्लिक करू नका, हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट असतात. पत्ता स्वतः टाइप करायचा: इलेक्ट्रम डॉट ऑर्ग. २०१८ च्या डिसेंबरात तर चोरांनी स्वतःचे सर्व्हर उभे करून खुद्द इलेक्ट्रमच्या खिडकीतच ‘अपडेट करा’ असा खोटा निरोप दाखवला होता आणि त्या लिंकवर गेलेल्यांचे बिटकॉइन गेले. ३.३.४ च्या आधीच्या आवृत्त्यांना हा धोका आहे. घरात जुन्या पेनड्राइव्हवर जुनं इलेक्ट्रम पडलं असेल तर ते उघडू नका, नवीन घ्या.

उतरवलेली फाइल खरी आहे का हे डिजिटल सहीवरून तपासता येतं. भावाने व्हिडिओ कॉलवर करून घेतलं, चाळीस मिनिटं लागली. कंटाळवाणं काम आहे, पण पावती आणि खातेवही ताडून पाहण्याची मला सवय आहे, आणि हे तसंच होतं. मुलाचा जुना लॅपटॉप आम्ही पूर्ण पुसून, विंडोज नव्याने टाकून फक्त याच कामाला घेतला.

आधी इलेक्ट्रममध्ये नवीन वॉलेट तयार केलं. त्याने बारा शब्द दिले, मी ते पेनाने वहीत दोनदा उतरवले. हे शब्द माझ्यासमोर, माझ्या लॅपटॉपवर जन्मले, आणि त्या चंदेरी पट्टीच्या कार्डात हेच नव्हतं.

मग अडलं ते किल्लीवर. कागदाची घडी नेमकी त्या ओळीवरून गेलेली, शाई फिकट झालेली. तपकीर गल्लीतून आणलेल्या वेबकॅमला क्यूआर कोडही वाचता येईना. म्हणून हाताने टाइप करायला बसले. माझी मोजणी पन्नासच भरत होती. भावाने सांगितलं, ५ ने सुरू होणारी किल्ली एक्कावन्न अक्षरांची असते, के किंवा एलने सुरू होणारी बावन्न. म्हणजे घडीत एक अक्षर लपलं होतं. भिंगाने पाहिलं तर दोन उभ्या रेघा एकमेकींना चिकटलेल्या, मी त्यांना एकच धरलं होतं.

इथे एक सुंदर गोष्ट कळली. या किल्ल्यांत शून्य नसतं, कॅपिटल ओ नसतो, कॅपिटल आय नसतो आणि स्मॉल एल नसतो, कारण माणसं त्यांत गोंधळतात. म्हणजे उभी रेघ दिसली तर ती एलची असूच शकत नाही, तो एक हा आकडा असणार किंवा टिंब उडालेला स्मॉल आय. गोल दिसला तर स्मॉल ओ, नाहीतर शेपटी पुसलेला क्यू. शिवाय ओळीतच ताळ्याची सोय असते. एक अक्षर चुकलं तरी सॉफ्टवेअर ती किल्ली मानत नाही आणि पुढचं बटण चालू होत नाही. ज्याने कोणी हे ठरवलं त्याने चुकणाऱ्या माणसाचा विचार केला होता. सातव्या प्रयत्नाला बटण उजळलं. मुलगा शेजारी बसून अक्षरं मोठ्याने वाचत होता, आम्ही दोघांनी टाळीच दिली.

आता ‘इम्पोर्ट’ आणि ‘स्वीप’. इलेक्ट्रममध्ये दोन्ही करता येतं आणि यातला फरक नीट समजून घ्या. इम्पोर्ट केलं तर पैसे जुन्याच किल्लीच्या पत्त्यावर राहतात. अकरा वर्षांत तो कागद कोणी पाहिला असेल तर तो धोका तसाच राहतो. शिवाय इम्पोर्ट केलेल्या वॉलेटला बारा शब्द मिळत नाहीत, त्यामुळे शब्द लिहून ठेवून ती किल्ली परत मिळणार नाही, फाइल आणि कागदच जपावे लागतात. स्वीप म्हणजे जुन्या पत्त्यावरचं सगळं उचलून आपल्या नव्या वॉलेटच्या पत्त्यावर आणणं. माझ्यासारख्या जुन्या कागदवाल्यांनी स्वीपच करावं. वॉलेट मेनूत प्रायव्हेट कीज, त्यात स्वीप.

ज्यांची किल्ली के किंवा एलने सुरू होते त्यांनी एक पाहावं. पैसे ‘बीसी१’ किंवा ‘३’ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर असतील तर किल्लीआधी पत्त्याचा प्रकार सांगणारा उपसर्ग लिहावा लागतो. तो नसेल तर इलेक्ट्रम ‘१’ ने सुरू होणारा जुना पत्ता गृहीत धरतं आणि तिथे काहीच सापडत नाही. शून्य दिसलं म्हणून पैसे गेले असं समजून घाबरू नका आणि त्या घाबरलेल्या अवस्थेत कोणाची मदत तर मुळीच घेऊ नका. माझा पत्ता १ ने सुरू होणारा होता, त्यामुळे हे करावं लागलं नाही.

पाठवण्याआधी फी दिसते, माझी शंभर रुपयांच्या आत होती. पुढच्या पत्त्याची पहिली आणि शेवटची पाच-सहा अक्षरं ताडून पाहिली, कारण कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात. बटण दाबलं. ब्लॉक, म्हणजे बिटकॉइनच्या सामाईक वहीत व्यवहारांची नोंद करणारं नवं पान, सरासरी दहा मिनिटांनी येतो, आमचा बावीस मिनिटांनी आला. तोवर चहा दोनदा झाला.

इलेक्ट्रम सोपं नाही. शब्द तांत्रिक आहेत, आणि एकट्याने, कोणी समजावणारं नसताना मी ते कोणत्याही काकूंच्या हाती देणार नाही. फक्त बिटकॉइनसाठी आहे, बाकीची नाणी त्यात चालत नाहीत. पण जे करतं ते चोख करतं, पाठवण्याआधी सगळं समोर मांडतं आणि माझ्याकडे नाव, आधार, फोन काहीही मागितलं नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

विकण्यासाठी एक्स्चेंज निवडताना ते भारत सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेलं आहे ना, एवढं पाहिलं. कराचं आधीच धरून चाला: १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर अधिभार-उपकर, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. निम्मंच विकलं, पहिल्या सत्राची फी भरली.

कागद अजून फाडलेला नाही. १ ऑगस्ट २०१७ ला बिटकॉइनपासून बिटकॉइन कॅश हे दुसरं नाणं वेगळं झालं, आणि त्या दिवशी ज्यांचं बिटकॉइन न हलता पडून होतं त्यांच्या त्याच किल्लीवर तेवढंच बिटकॉइन कॅशही आलं. म्हणजे आमच्या कागदावर अजून ०.०२ आहे. किंमत फार नाही, पण मुलाला ते काढून पाहायचं आहे. त्यासाठी ‘तुमची किल्ली द्या, आम्ही काढून देतो’ म्हणणाऱ्या साइट आहेत, त्यांच्या वाटेला आम्ही जाणार नाही. आधी खरं बिटकॉइन नव्या पत्त्यावर हलवून मगच त्या किल्लीला पुन्हा हात लावायचा, हा क्रम आम्ही पाळला. आता दिवाळीला भाऊ पुण्यात येतोय, तेव्हा इलेक्ट्रॉन कॅश हे बिटकॉइन कॅशचं वॉलेट टाकून तिघं मिळून करू. तोवर कागद पुन्हा एफडीच्या पावत्यांखाली.