वसंतातल्या मुक्कामासाठी दुहेरी आवरणाचा तंबू : एक परीक्षण

उद्यानात एक-दोन रात्री राहायचे आणि दिवसभर पायवाटा तुडवायच्या, असा बेत ठरला की तंबू निवडताना बहुतेकांची नजर आधी वजनावर जाते आणि मग तो किती पाऊस सोसेल या आकड्यावर. दोन माणसांचा, दुहेरी आवरणाचा हा तंबू वसंतातल्या मुक्कामांत वापरल्यावर मात्र माझे मत असे झाले आहे की, या ऋतूत तंबूची कसोटी लागते ती आत झोपलेल्यांच्या श्वासातून निघणाऱ्या वाफेने, आणि त्या कसोटीला हा तंबू चांगला उतरतो. उत्पादकाचे नाव मी देत नाही, कारण याच घडणीचे तंबू अनेक कंपन्या बनवतात आणि पुढे सांगितलेले बहुतेक गुणदोष त्या घडणीचेच आहेत.

घडण साधी आहे. आतली खोली खाली कापडाची आणि वर जाळीची. तिच्यावर वीतभर अंतर राखून ताणलेले जलरोधक आवरण, ज्याला सगळे फ्लाय म्हणतात. माथ्यावर एकमेकांना छेदणारे ॲल्युमिनियमचे दोन पोल. दोन्ही बाजूंना दारे आणि प्रत्येक दारापुढे फ्लायच्या आडोशाने झालेली छोटी ओसरी. दोन दारांचे महत्त्व दुकानात लक्षात येत नाही, पण रात्री बाहेर जाताना शेजारी झोपलेल्याला ओलांडावे लागत नाही, ही सोय मला वजनातल्या थोड्याशा बचतीपेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

आता मुख्य मुद्दा. वसंतात दुपारी अंगातला स्वेटर काढून ठेवावासा वाटतो आणि सूर्य मावळल्यावर तासाभरातच तो पुन्हा शोधावा लागतो. जमिनीत हिवाळ्याची ओल मुरलेली असते, आणि आकाश निरभ्र असेल तर फ्लायचे पातळ कापड आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडत राहते व भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडते. आत झोपलेली माणसे श्वासातून आणि त्वचेतून सतत वाफ सोडत असतात. दोघांचे मिळून रात्रभरात हे पाणी साधारण अर्ध्या लिटरच्या घरात जाते. ही वाफ गार कापडाला लागली की तिचे पाणी होते, आणि सकाळी ते पाणी पाहून ‘तंबू गळतो’ अशी तक्रार केली जाते. एकेरी आवरणाच्या तंबूत हे ओले कापड थेट झोपणाऱ्याच्या डोक्याशी आणि पायाशी येते. स्लीपिंग बॅगचे टोक त्याला घासून भिजते, आणि ती पिसांची असेल तर तिची ऊब तिथेच कमी होते.

या तंबूत पहाटे बॅटरी लावून पाहिले, तर फ्लायच्या आतल्या बाजूला मोहरीएवढे थेंब दाटीने धरलेले होते. कापडाला बोट लावताच शेजारचे दोन-तीन थेंब एक होत, शिवणीच्या रेषेवरून खाली ओघळत आणि जमिनीलगतच्या काठावरून बाहेर पडत. त्याच वेळी आतली जाळी आणि उशाला ठेवलेले जॅकेट चाचपून पाहिले, तर दोन्ही कोरडी होती. दुहेरी आवरणाचा उपयोग एवढाच आणि नेमका हाच आहे: पाणी धरणार हे गृहीत धरायचे आणि ते माणसापासून दूर धरेल अशी व्यवस्था करायची.

ही व्यवस्था चालते ती हवेच्या ये-जा करण्यावर. फ्लायचा खालचा काठ जमिनीपासून चार बोटे वर राहतो आणि माथ्याजवळ दोन झरोके आहेत, त्यामुळे गार हवा खालून आत येते आणि दमट हवा वरून निघून जाते. वारा अगदीच पडलेला असेल तर एवढे पुरत नाही. अशा रात्री पाऊस नसल्यास फ्लायच्या एका दाराचा वरचा भाग उघडा ठेवावा. थंडी वाजते म्हणून सगळ्या झिपा बंद करण्याचा मोह होतो, पण त्याने आतली हवा फार उबदार होत नाही, ओल मात्र निश्चित वाढते. झरोक्यांबाबत माझी एक तक्रार आहे. ते उघडे धरणारी काडी ज्या वेल्क्रोच्या पट्टीला चिकटते ती इतकी आखूड आहे की जोराची झुळूक आली की काडी सुटते आणि झरोका मिटतो. ज्या भागावर सगळ्या तंबूची भिस्त आहे, त्यातच केलेली ही काटकसर मला पटली नाही.

तंबू कुठे उभारला यावरही पुष्कळ अवलंबून असते. गार हवा जड असल्याने रात्री ती खोलगट भागात आणि ओढ्याकाठी साचते, म्हणून उताराच्या पायथ्यापेक्षा थोड्या उंचवट्यावरची सपाट जागा अधिक कोरडी आणि उबदार राहते. पाण्यापासून ६० मीटर दूर राहावे, हा निसर्गाला धक्का न लावता भटकण्याचा सर्वमान्य नियम या दृष्टीनेही सोयीचाच ठरतो. उघड्या कुरणापेक्षा झाडांच्या छायेत फ्लायवर दव कमी धरते, कारण आकाश आणि कापड यांच्यामध्ये पानांचा आडपडदा असतो. मात्र वर वाळलेली, अडकून राहिलेली फांदी नाही ना, हे मान वर करून नीट पाहिल्याशिवाय झाडाखाली तंबू लावू नये. उद्यानाने जागा नेमून दिलेल्या असतील तर अर्थातच त्यांच्यापैकीच एक निवडायची.

जाळीचा एक तोटा केवळ याच ऋतूत जाणवतो. चिडाच्या झाडांजवळ मुक्काम असेल तर परागकण फ्लायच्या खालून उडून जाळीतून आत येतात आणि सकाळी मॅटवर पिवळसर धूळ बसलेली दिसते. ज्यांना परागकणांचा त्रास आहे त्यांनी आतल्या खोलीत जाळी कमी आणि कापड जास्त असलेला तंबू पाहावा, हवा थोडी कमी खेळली तरी चालेल.

पावसाबद्दल फार लिहिण्याजोगे नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. फ्लायला १५०० आणि तळाला ३००० मिलिमीटर असा जलरोधकतेचा आकडा दिलेला आहे. कापड किती उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसते, हे तो सांगतो. तळावर गुडघे आणि कोपर टेकून दाब पडत असल्याने तिथे मोठा आकडा असणे योग्यच आहे. रात्रभराच्या पावसात शिवणींतून पाणी आले नाही. फ्लाय नायलॉनचा असल्याने तो भिजल्यावर थोडा सैल पडतो आणि ताणलेले दोर पुन्हा ओढून घ्यावे लागतात. पॉलिस्टरच्या फ्लायला हा त्रास फारसा होत नाही. तळाखाली वेगळे कापड अंथरणार असाल तर ते तळापेक्षा सर्व बाजूंनी थोडे लहानच असावे, नाहीतर बाहेर आलेल्या कडेवर पावसाचे पाणी साचून ते तळाखाली शिरते.

सोबत आलेल्या गोल, बारीक खुंट्या मी वापरणे सोडून दिले आहे. वसंतातली मऊ, भिजलेली माती त्यांना धरत नाही. तीन पाख्यांच्या खुंट्या वेगळ्या विकत घ्याव्या लागल्या, त्या मात्र चांगल्या रुततात. उभारणीत आधी आतली खोली आणि मग फ्लाय असा क्रम आहे, म्हणजे पावसात तंबू लावायचा झाल्यास जाळीतून आतला तळ भिजतो. हा दोष हाताच्या चपळाईने कमी होतो, पण जात नाही.

तंबूचे वजन सुमारे अडीच किलो आहे. दोघांनी फ्लाय व खुंट्या एकाकडे, खोली व पोल दुसऱ्याकडे असे वाटून घेतले तर चालताना ते जाणवत नाही, आणि एकाच जागी मुक्काम ठेवून दिवसा हलक्या सॅकने फिरायचे असेल तर त्याचा विचारही करायला नको. ओसरीचा खरा उपयोग फिरून परत आल्यावर कळतो. वसंतात पायवाटा चिखलाने भरतात आणि चिखल चुकवण्यासाठी कडेने चालले तर वाट रुंदावत जाऊन कडेची कोवळी रोपे तुडवली जातात, म्हणून चिखलातून सरळ मधूनच जावे हे बरे. पण मग संध्याकाळी बूट घोट्यापर्यंत माखलेले असतात आणि ते आत घेण्याची सोय नसते. या ओसरीत दोन जोड बूट आणि एक सॅक नीट मावते. पाऊस आहे म्हणून तिथे स्टोव्ह पेटवण्याचे मात्र मनातही आणू नये. आगीचा धोका तर आहेच, शिवाय कोंदट जागेतला कार्बन मोनॉक्साइड वासावरून ओळखता येत नाही.

एक अपेक्षा या तंबूकडून ठेवू नये, ती म्हणजे उबेची. वसंतात हवा तापली तरी जमीन गारच असते, आणि झोपलेल्याची उष्णता खालून शोषली जाते. ते काम मॅटचे आहे. मॅट निवडताना तिची आर-व्हॅल्यू, म्हणजे ती उष्णता किती अडवते हे सांगणारा आकडा, पाहावी. रात्री पारा शून्याच्या आसपास उतरणार असेल तर ती ३ ते ४ असावी. मॅट पातळ असेल तर कितीही जाड स्लीपिंग बॅग पुरी पडत नाही, कारण अंगाखाली दबलेल्या भरणात हवा उरत नाही.

परतीच्या सकाळी फ्लाय ओलाच असतो आणि ऊन येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. अशा वेळी तो झटकून, खोलीपासून वेगळा, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवावा आणि घरी पोचताच सावलीत पसरावा. कापडाच्या आतला पॉलियुरेथेनचा थर ओलीत दीर्घकाळ राहिला तर हळूहळू विघटित होतो, चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो आणि मग तो पापुद्र्यांनी सुटू लागतो. एकदा ही सुरुवात झाली की कापड पूर्ववत होत नाही. तंबू पुढच्या मोसमापर्यंत ठेवायचा असेल तर सोबतच्या घट्ट पिशवीत कोंबून न ठेवता सुती पिशवीत सैल गुंडाळून ठेवावा, आणि पोलच्या आतली लवचीक दोरी ताणलेली राहू नये म्हणून पोल मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे घडी घालावेत.