लॅपटॉप चार्ज होईना: बॅटरी बदलायची, जॅक दुरुस्त करायचा की आहे तसाच वापरायचा?

लॅपटॉप चार्ज होईना म्हटलं की पहिला सल्ला येतो, 'बॅटरी गेली असणार, नवी घालून टाक.' निपाणी, चिकोडी किंवा खानापूरहून दिवस मोडून बेळगावला येणाऱ्याने तेवढ्यावर पैसे घालवू नयेत, असं मला मनापासून वाटतं. दोष चार्जरचा असेल, जॅकचा म्हणजे चार्जरची पिन जिथे बसते त्या भागाचा असेल, बॅटरीचा असेल किंवा नुसत्या एका सेटिंगचा असेल. चारही वेळा स्क्रीनवर दिसतं साधारण तेच. खर्च मात्र प्रत्येकाचा वेगळा.

सेटिंग आधी बघा, त्याला पैसे लागत नाहीत. चार्जिंग रोज ६० किंवा ८० टक्क्यांच्या आसपासच थांबत असेल, तर बहुधा काही बिघडलेलंच नाही. बॅटरी जास्त टिकावी म्हणून लेनोवोच्या व्हँटेज ॲपमध्ये कन्झर्व्हेशन मोड असतो, असूसच्या मायअसूस ॲपमध्येही तशीच सोय असते. ती बंद केली की चार्जिंग पुढे सरकतं. सेटिंग ठीक असेल तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग चार्जर लावून सुरू करा. अडकलेलं चार्जिंग एवढ्याने सुटल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

आता चार्जर की जॅक? पिन लावून हलकेच हलवल्यावर चार्जिंगचा दिवा लागतो-विझतो, तर संशय जॅकवर किंवा पिनजवळ तुटत आलेल्या वायरवर. त्याच व्होल्टचा, त्याच वॅटचा आणि त्याच पिनचा दुसऱ्या कोणाचा चार्जर लावून बघा, निकाल लगेच लागतो. डेलच्या गोल पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. चार्जर कोणता आहे, हे लॅपटॉपला तिच्यातून कळतं. ती वाकली किंवा तुटली तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही, आणि लोक नवी बॅटरी घेऊन बसतात. सी टाइपच्या लॅपटॉपला मोबाईलचा छोटा चार्जर लावला तरी तसंच होतं. ६५ वॅट लागणाऱ्या लॅपटॉपला १८ वॅट पुरत नाहीत. गावात व्होल्टेज कमी असतं म्हणून चार्ज होत नाही, असंही बरेचजण म्हणतात. पण लॅपटॉपचे चार्जर सहसा १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे थोड्याफार कमी व्होल्टेजचा दोष क्वचितच. वीज गेल्यावर परत येताना जो झटका बसतो तो मात्र चार्जर उडवू शकतो.

जॅक सैल झाला असेल तर मी गल्लीतल्या चांगल्या कारागिराच्या बाजूने आहे. ज्या लॅपटॉपमध्ये जॅक वायरसकट सुटा बसवलेला असतो, तिथे तो बदलणं अगदी सोपं काम आहे. जॅक थेट मुख्य बोर्डाला डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेला असेल तर हात बसलेला माणूस लागतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये अशा वेळी बरेचदा अख्खा बोर्डच बदलायला सांगतात आणि अंदाजपत्रक जुन्या लॅपटॉपच्या किमतीला भिडतं. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र बाहेर कोणाला उघडूही देऊ नका.

बॅटरीचं नक्की करायला विंडोजमध्येच सोय आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत powercfg /batteryreport असं टाइप करून एंटर दाबलं की अहवाल तयार होतो. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. ४१ वॅट-अवरची बॅटरी आता ३५ पर्यंत भरत असेल तर तिचं अजून चांगलं चाललंय. २० च्या खाली आली असेल तर बदलायची वेळ झाली. महिनोन्महिने कपाटात पडून पूर्ण उतरलेल्या बॅटरीची गोष्ट वेगळी. सेलचं व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की आतलं सर्किट सुरक्षेसाठी तिला कायमचं बंद करू शकतं, मग चार्जर कितीही वेळ लावा.

बदलायचीच ठरली तर कंपनीची की बाजारातली? ज्याला लॅपटॉप अजून तीन-चार वर्षं वापरायचा आहे आणि रोज कॉलेजला किंवा साइटवर न्यायचा आहे, त्याने कंपनीचीच घ्यावी. महाग पडते, कधी मागवून थांबावं लागतं, पण सेल ताजे मिळण्याची खात्री जास्त. जुन्या मॉडेलला कंपनीची बॅटरी मिळत नाही, तेव्हा बाजारातली घेणं चुकीचं नाही. तिचा पार्ट नंबर आणि व्होल्ट जुळायलाच हवेत. लेबलवर आयएस १६०४६ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा, बिलावर वॉरंटी लिहून घ्या. मूळ बॅटरी ११.४ व्होल्ट आणि ३६०० एमएएचची असताना तेवढ्याच आकारात कोणी ६००० लिहिलेली देत असेल तर सरळ नको म्हणा. ऑनलाइन स्वस्त दिसते खरी, पण बसली नाही तर परत पाठवायचा व्याप तुमच्याच डोक्यावर. खडेबाजारातल्या दुकानात समोर बसवून, चार्ज करून दाखवतात, याला मी मोल देतो. जुन्या बॅटरीत सेल तेवढे बदलून घेण्याच्या फंदात मात्र पडू नका. आतली चिप जुनेच आकडे धरून बसते आणि जोडकाम कच्चं राहिलं तर आगीचा धोका असतो.

टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण नीट बसत नसेल तर बहुधा बॅटरी फुगली आहे. इथे बाकी सगळी तुलना बाजूला ठेवा. चार्जिंग त्याच क्षणी बंद करा, तिला दाबू नका, टोचू नका आणि काढण्याचं काम जाणकारावर सोपवा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नसते, ती वेगळीच द्यायची असते. नवी घेता तिथेच जमा करून घेतात का, हे आधी विचारा.

लॅपटॉप टेबलावरून हलतच नसेल आणि बॅटरी फुगलेली नसेल, तर न बदलणं हाही चांगला निर्णय आहे. दुकानाचा हिशेब किंवा ग्रामपंचायतीचं काम एवढ्यासाठी चार्जर लावून लॅपटॉप चालतोच. फक्त पावसाळ्यात खानापूर-जांबोटी भागात वीज गेली की मशीन एकदम बंद पडेल आणि न साठवलेलं काम जाईल. त्याला कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस लावा, आणि तो घेतानाच दुकानात आपल्या चार्जरचे वॅट सांगा.