दंडावरचा शुगर सेन्सर + डाएट ॲप : सेन्सर मस्त, ॲप घेऊ नका (निदान बायकांनी तरी)

कंपनीचं नाव लिहीत नाही. दंडावर शुगरचा सेन्सर आणि सोबत ॲप, व्हॉट्सॲपवर कोच असं पॅकेज आहे. मला डायबेटिस वगैरे नाही, हाफ मॅरेथॉनची तयारी चालू होती म्हणून घेतलं. सेन्सरबद्दल तक्रार नाही, लावताना दुखत नाही, घाम अंघोळ सगळ्यात १४ दिवस टिकतो, फक्त तो थेट रक्तातली नाही तर कातडीखालच्या द्रवातली शुगर मोजतो म्हणून पळताना आकडा थोडा मागे राहतो, तेवढं चालतं.

वैताग आहे तो ॲपचा. शुगरच्या आलेखाची रेष सपाट की स्कोअर हिरवा! मग काय, भात बंद, रात्रीचं जेवण बंद, सकाळी उपाशी पोटी पळा, ॲप खूश. आणि इकडे पाळी गायब. कोच म्हणे स्ट्रेस असेल मॅम, शुगर तर परफेक्ट आहे.

गायनॅक मॅडमनी थायरॉइड, प्रोलॅक्टिन (हेही एक हार्मोन) सगळं तपासलं आणि विचारलं, खातेस किती? कमी खाण्याचा पाळीशी संबंध असा: मेंदूतल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागातून जीएनआरएच हे हार्मोन थांबून थांबून सुटतं, त्याच तालावर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच हे दुसरं हार्मोन सोडते आणि त्यावर ओव्हरीचं काम चालतं. आता गंमत बघा, मेंदूच्या मागच्या बाजूला, खाली, ग्लुकोज कमी पडतंय का ते ओळखणाऱ्या पेशी असतात. उंदरांच्या आणि मेंढ्यांच्या मेंदूत त्या भागात ग्लुकोज वापरू न देणारं रसायन सोडलं तर एलएचचा ताल मंदावतो, रक्तात शुगर असली तरी! म्हणजे दंडावरचा आकडा नॉर्मल असला म्हणून मेंदूला पुरतंय असं नाही. माणसात नुसतं ग्लुकोज नाही, लेप्टिन (चरबीतून येणारं हार्मोन), इन्सुलिन हेही मेंदूला खबर देतात. अमेरिकेत ॲन लाउक्स यांच्या २००३ च्या अभ्यासात, व्यायामात जळालेलं वजा करून फॅट सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० कॅलरीपेक्षा कमी उरल्या की ५ दिवसांतच बायकांचे एलएचचे ठोके कमी झाले. पाच दिवस फक्त!

आणि या ॲपमध्ये साइन अप करताना वजन, कंबर, झोप सगळं विचारतात, पाळीचा रकानाच नाही.

सेन्सरला ४ स्टार, ॲपला १, तोही कोच रिप्लाय पटकन देतो म्हणून. डायबेटिस असेल तर डॉक्टरांना विचारून नुसता सेन्सर केमिस्टकडून घ्या, पॅकेजची गरज नाही.