राखीव जागा मागाव्यात की उमेदवारीतला कोटा?

संसदेत स्त्रिया वाढाव्यात याला उघड विरोध कुणीच करत नाही. घोडं अडतं ते तिकीटवाटपात. म्हणून कोणती मागणी लावून धरायची हे ठरवताना टक्केवारीआधी निवडणुकीची पद्धत बघा.

राखीव जागांचा आकडा पक्का असतो. रवांडात संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या ८० पैकी २४ जागा कायद्यानेच स्त्रियांच्या. पक्षांच्या याद्यांतूनही (यात मत पक्षाला देतात आणि पक्षाला मिळालेल्या जागा त्याच्या यादीतल्या क्रमाने भरतात) स्त्रिया निवडून आल्या आणि २००८ मध्ये निम्म्याहून अधिक स्त्रिया असलेलं ते जगातलं पहिलं सभागृह ठरलं. (ते सभागृह सरकारला कितपत जाब विचारतं, हा प्रश्न वेगळा.) टांझानियात मात्र विशेष जागा मतांच्या प्रमाणात पक्षांना मिळतात आणि नावं पक्षच देतात. अशा खासदार बाईंना मतदारसंघच नसतो, त्यामुळे पक्षश्रेष्ठींची मर्जी सांभाळणं आलंच.

उमेदवारीच्या कोट्यात खरी मेख कलमांच्या शब्दरचनेत असते. अर्जेंटिनाने १९९१ मध्ये ३० टक्के उमेदवारी स्त्रियांना ठेवली, तीही निवडून येण्याजोग्या क्रमांकावर. अट मोडली तर यादीच नामंजूर. ब्राझीलमध्येही कोटा ३० टक्केच, पण तिथे मतदार पक्षाच्या यादीतल्या एकेका नावाला मत देतो, यादीच्या क्रमाला अर्थ उरत नाही. मग पक्ष खानापूर्तीसाठी नावं भरतात, प्रचाराला पैसा देत नाहीत. २०२२ मध्ये तिथे निवडून आलेल्या स्त्रिया १८ टक्क्यांच्या आतच राहिल्या. मेक्सिकोत २००९ मध्ये तर काही स्त्रियांनी शपथ घेऊन लगेच जागा सोडल्या आणि त्यांचे पर्यायी उमेदवार असलेले पुरुष तिथे बसले! स्त्रीला पर्यायी उमेदवारही स्त्रीच हवी, असं २०११ मध्ये निवडणूक न्यायाधिकरणाने बजावलं तेव्हा ही पळवाट बुजली.

दंडावर विसंबू नका. फ्रान्समध्ये निम्म्या उमेदवाऱ्या स्त्रियांना देण्याच्या २००० च्या कायद्यानंतरही मोठ्या पक्षांनी सरकारी अनुदानातली कपात सोसली, पण हक्काचे मतदारसंघ पुरुषांकडेच ठेवले. स्वीडनमध्ये सोशल डेमोक्रॅट पक्षाने १९९४ मध्ये यादीत आपणहून एकाआड एक स्त्री-पुरुष घेतले. पण स्त्रियांना पुढे आणण्याची पक्षापक्षांत चुरस नसेल तर स्वेच्छेची आश्वासनं कागदावरच राहतात.

माझं मत असं: यादीचा क्रम पक्ष ठरवत असेल तर अर्जेंटिनासारखा कोटा मागा. एका मतदारसंघातून एकच उमेदवार निवडून येत असेल तर राखीव मतदारसंघच बरे, आणि तिथे थेट मतदानाचा आग्रह सोडू नका.

दोन्हीकडे प्रचारखर्च, मुलांचा सांभाळ आणि धमक्या हे प्रश्न उरतातच. बोलिव्हियाने २०१२ मध्ये स्त्रियांविरुद्धच्या राजकीय हिंसेसाठी स्वतंत्र कायदा केला. तशी तरतूद पहिल्याच मसुद्यात मागून घ्या.